डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ कसा ऐकावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शास्त्रीय मैफलींना जाणारे, जुनी हिंदी गाणी जपून ठेवणारे, मुलीच्या गिटार क्लासमुळे रॉकच्या वाटेला लागलेले अशा सगळ्यांकडून या एका अल्बमबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रमांक दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवता येईल. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. घरात एलपी आहे आणि भांडण आवृत्त्यांवरून चाललंय, अशांनी सरळ १६ वर जावं.

१. हा अल्बम नेमका कशाचा आहे?

डीप पर्पल या इंग्लिश बँडने ऑगस्ट १९७२ मध्ये जपानमध्ये तीन कार्यक्रम केले. १५ आणि १६ तारखेला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये, १७ ला टोकियोच्या निप्पॉन बुडोकानमध्ये. तिन्ही रात्री टेपवर घेतल्या गेल्या आणि त्यांतून निवडलेली सात गाणी दोन एलपींच्या संचात डिसेंबर १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आली. अमेरिकेत १९७३ साली निघाला आणि तिथल्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. एकूण लांबी साधारण ७६ मिनिटं.

गंमत म्हणजे बँडला हा अल्बम काढायची फारशी हौस नव्हती. मागणी वॉर्नर कंपनीच्या जपानी शाखेची होती, तीही फक्त जपानच्या बाजारापुरती. बँडने होकार दिला तो अटी घालून: ध्वनिमुद्रक आमचा, आणि टेप पसंत पडली तरच रेकॉर्ड निघणार. ध्वनिमुद्रक होता मार्टिन बर्च, ज्याने पुढे रेनबो, ब्लॅक सॅबथ आणि आयर्न मेडनचे अल्बम घडवले. टेप ऐकल्यावर मग सगळ्यांचंच मत बदललं आणि रेकॉर्ड जगभर गेली.

२. यात वाजवणारे कोण कोण?

गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेस गिटारवर रॉजर ग्लोव्हर, ड्रम्सवर इयन पेस. बँडमध्ये माणसं इतक्या वेळा बदलली की चाहते संचांना क्रमांक देतात. हा ‘मार्क टू’, म्हणजे दुसरा. पेस डावखुरा आहे, त्यामुळे जुन्या चित्रफितींमध्ये ड्रम्सची मांडणी उलटी दिसते.

३. रॉक कधी ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? ‘स्मोक ऑन द वॉटर’पासून?

नको. ते गाणं सगळ्यांना आधीपासून अर्धं माहीत असतं, त्यामुळे कान ओळखीची धून सापडली की थांबतो. ‘हायवे स्टार’पासून सुरू करा, म्हणजे अल्बम जिथून सुरू होतो तिथूनच. पहिलं अर्धं मिनिट नीट ऐका. गाणं अजून सुरूच झालेलं नाही. पेस स्नेअर या छोट्या ड्रमवर काठ्या चालवतोय, ऑर्गनचा एक सूर खालून फुगत येतोय, गिटारवाला तारा चाचपतोय, गिलन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलतोय. मग हळूहळू सगळे एका ठेक्यावर येतात आणि गाडी सुटते. हा लगाम खेचून धरलेला वेळ पुढच्या ७६ मिनिटांची किल्ली आहे: पाच माणसं एकमेकांकडे बघत, पुढे काय करायचं ते त्याच क्षणी ठरवतायत.

गाण्याची जन्मकथाही तशीच आहे. १९७१ मध्ये पोर्ट्समथला निघालेल्या बसमध्ये एका पत्रकाराने विचारलं, तुम्ही गाणी करता कशी? ब्लॅकमोरने गिटार उचलली, ‘अशी’ म्हणाला आणि वाजवायला लागला; गिलनने वर शब्द टाकायला सुरुवात केली.

दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा मधले दोन एकल तुकडे शेजारी ठेवून पाहा, आधी ऑर्गनचा आणि मग गिटारचा. दोन्हींत बाखच्या काळातल्या युरोपीय संगीताच्या सरगमी सरळ सरळ आहेत. लॉर्डचं शिक्षणच पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोचं होतं.

४. अख्खा एका बैठकीत ऐकायलाच हवा का?

नाही. मुळात तो तसा आखलेलाच नाही. दोन एलपींच्या चार बाजू आहेत, प्रत्येक बाजू १७ ते २० मिनिटांची:

पहिली : हायवे स्टार, चाइल्ड इन टाइम
दुसरी : स्मोक ऑन द वॉटर, द म्यूल
तिसरी : स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन, लेझी
चौथी : स्पेस ट्रकिन

१९७२ चा श्रोता दर वीस मिनिटांनी उठायचा, तबकडी उलटायचा, मध्ये चहा घ्यायचा. तुम्हीही एका वेळी एक बाजू ऐका. माझं मत विचाराल तर पहिली आणि तिसरी बाजू आधी, चौथी शेवटी आणि घरात कोणी नसताना.

५. स्टुडिओतली गाणी चार-पाच मिनिटांची, इथे दहा-वीस मिनिटांची. एवढं ताणलंय कशाला?

मैफलीला जाणाऱ्याने हा प्रश्न विचारावा याचं मला नेहमी नवल वाटतं. बंदिश दोन ओळींची असते, राग तासभर चालतो. इथे गाणं म्हणजे ती बंदिश समजा. सातपैकी चार गाणी (हायवे स्टार, स्मोक, लेझी, स्पेस ट्रकिन) त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘मशीन हेड’ अल्बममधली आहेत. म्हणजे बँडला ती जेमतेम काही महिन्यांची जुनी होती आणि रोज रात्री वाजवताना ती वाढत होती.

‘स्पेस ट्रकिन’चं उदाहरण टोकाचं. स्टुडिओत साडेचार मिनिटं, इथे जवळजवळ वीस. मूळ गाणं पहिल्या पाचेक मिनिटांत संपतं. त्यानंतरचा भाग त्या गाण्याचा नाहीच. ‘मँड्रेक रूट’ हे जुनं गाणं वाजवताना बँड जो मोकळा विस्तार करायचा, तो इथे आणून जोडला आहे. पुढे एका ठिकाणी सगळं शांत होतं आणि गिटार व्हायोलिनसारखी हळूच उगवते. ब्लॅकमोर तार आधी छेडतो आणि आवाजाचं बटण नंतर वर नेतो, त्यामुळे छेडल्याचा ‘टण्ण’ ऐकूच येत नाही, नुसता सूर येतो. हा तुकडा ‘फूल्स’ या त्यांच्या दुसऱ्या गाण्यातून आलेला.

६. गिटार कुठली आणि ऑर्गन कुठला, हेच कळत नाही. माझ्या कानात दोष आहे का?

दोष कानात नाही, खोडी लॉर्डची आहे. हॅमंड ऑर्गन सहसा लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवतात आणि मग तो चर्चमधल्यासारखा किंवा जॅझमधल्यासारखा गोल ऐकू येतो. लॉर्डने आपला ऑर्गन गिटारसाठी असलेल्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. सूर फाटू लागले, गुरगुरू लागले, आणि एकाच बँडमध्ये दोन गिटार असल्यासारखं झालं.

ओळखायची सोपी युक्ती: अल्बमच्या मिश्रणात, म्हणजे टेपवरचे वेगवेगळे आवाज एकत्र बसवताना, ही दोन वाद्यं दोन बाजूंना ठेवली आहेत. हेडफोन लावा, एका कानातला सोडा, दुसऱ्यात काय उरतं ते ऐका, मग अदलाबदल करा. ‘लेझी’च्या सुरुवातीला तर ऑर्गन एकटाच आहे. त्या पहिल्या मिनिटभरात वाद्य कण्हतं, खरवडतं, किंचाळतं. तिथे ओळख झाली की पुढे गोंधळ होत नाही.

फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकत असाल तर हा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी १४ पाहा.

७. ड्रम सोलो मला ऐकवत नाही. ‘द म्यूल’ पुढे ढकलला तर चालेल?

चालेल. पण एकदा तरी ऐका, आणि ऐकताना डाव्या-उजव्या हाताच्या वेगापेक्षा पेस आवाज कुठे कमी करतो तिकडे लक्ष द्या. बहुतेक रॉक ड्रमर सोलोत फक्त वर चढतात. पेसचा कान जॅझवर, बिग बँडच्या ड्रमरांवर पोसलेला. तो एका स्नेअरवर अगदी कुजबुजीपर्यंत खाली येतो आणि तिथून पुन्हा बांधत नेतो. तबल्याचा स्वतंत्र सोलो ज्यांनी ऐकलाय त्यांना तो पटकन पटतो. तरी नाही आवडला तर ढकला पुढे.

८. शब्द कळत नाहीत. शब्द समोर ठेवून ऐकू का?

गरज नाही. खरं सांगायचं तर डीप पर्पलची ताकद शब्दांत कधीच नव्हती. ‘हायवे स्टार’ गाडी आणि मुलगी, ‘स्पेस ट्रकिन’ अंतराळातली भटकंती, ‘लेझी’ एका आळशी माणसाबद्दल, बस्स. ‘चाइल्ड इन टाइम’ शीतयुद्धाच्या छायेतलं आहे, तेवढं माहीत असलं की पुरे. ‘स्मोक ऑन द वॉटर’ मात्र घडलेली हकीकत आहे, ती ११ मध्ये.

९. ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये गायक किंचाळतो का? घरातले विचारतात काय चाललंय.

किंचाळतो, पण सुरात. बारा मिनिटांच्या या गाण्याची रचना साधी आहे: शांत ऑर्गन, जवळजवळ कुजबुजत म्हटलेला अंतरा, मग शब्द संपतात आणि नुसता स्वर उरतो. तोच चढता आलाप गिलन आधी हळू घेतो, मग जोरात, मग आणखी वरच्या पट्टीत, आणि शेवटी आवाज जिथे फाटायला हवा तिथे तो फाटत नाही. यानंतर पेसचा लष्करी वळणाचा स्नेअर, गिटारचा एकल भाग, लय दुप्पट, सगळे एकदम थांबतात. क्षणभर काही नाही. आणि ऑर्गन पुन्हा पहिल्यासारखा शांत सुरू होतो, जणू मधलं काही घडलंच नाही.

हा माणूस १९७० च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या मूळ रेकॉर्डवर येशूच्या भूमिकेत गायला होता, ही त्याच्या गळ्याची आणखी एक ओळख. वय वाढल्यावर बँडने हे गाणं कार्यक्रमांतून काढून टाकलं. २००२ नंतर ते वाजवलेलं नाही. आवाज साथ देत नसताना रेटण्यापेक्षा हे बरं.

घरातल्यांसाठी उपाय: दार लावा.

१०. ‘चाइल्ड इन टाइम’ची धून मुंबईवरून घेतली आहे म्हणतात. थाप आहे ना?

थाप नाही, पण मुंबईचा संबंध लांबचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ या बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाचा एक तुकडा आहे. शब्द नाहीत, व्हायोलिन पुढे. लॉर्ड तो गंमत म्हणून ऑर्गनवर वाजवत होता, बँडने लय कमी केली, आणि त्यातून हे गाणं उभं राहिलं. गिलनने हे कधी लपवलेलं नाही. दोन्ही पाठोपाठ ऐका, एका मिनिटात खात्री पटेल.

चोरी म्हणाल तर हिशेब दुसऱ्या बाजूनेही चुकता झाला: त्या अमेरिकन बँडने डीप पर्पलच्या ‘रिंग दॅट नेक’वरून आपला एक तुकडा बेतला. मूळ तुकड्यात मुंबईचं किती आहे, तर नावाइतकंच. कुठला राग शोधत बसू नका.

११. ‘स्मोक ऑन द वॉटर’ म्हणजे पाण्यावरचा कसला धूर? आणि मुलगा क्लासमध्ये वाजवतो ते या रेकॉर्डसारखं का लागत नाही?

४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी, जिनिव्हा सरोवराच्या काठी, कसिनोच्या सभागृहात रॉक संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा उडवणारी बंदूक) छताकडे झाडली आणि अख्खी इमारत जळाली. डीप पर्पल त्याच ठिकाणी आपला पुढचा अल्बम ध्वनिमुद्रित करायला आलं होतं. सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी हॉटेलातून पाहिला. ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे शब्द ग्लोव्हरला काही दिवसांनी झोपेतून जागं होताना सुचले. गाण्यात ज्या क्लॉडचं नाव येतं तो माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचा संस्थापक क्लॉड नॉब्स; आग लागल्यावर त्याने पोरांना बाहेर काढायला मदत केली होती. बँडने शेवटी रिकाम्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत गाद्या लावून, बाहेर उभ्या केलेल्या रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओत तो अल्बम पुरा केला.

आता मुलाचं. क्लासमध्ये बहुधा एका तारेवर किंवा जाड पॉवर कॉर्डमध्ये, प्लेक्ट्रमने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) शिकवतात. ब्लॅकमोर दोन तारा एकाच वेळी बोटांनी खेचतो, त्या दोन सुरांत चौथ्याचं अंतर असतं, म्हणजे सा आणि मध्यमाचं. दोन्ही सूर एकदम सुटतात, एकापाठोपाठ खरवडले जात नाहीत. फरक तिथेच आहे. शिवाय या रेकॉर्डवर तो धून सरळ वाजवत नाही, सुरुवातीलाच ठोक्यांशी खेळतो, आणि ओसाकाचे लोक टाळ्यांनी लय धरतात. मुलाला हे गाणं वाजवायला लावण्याआधी ती पहिली वीस सेकंदं ऐकवा.

१२. हे सगळं एकाच रात्रीचं आहे का?

नाही. चार गाणी (हायवे स्टार, चाइल्ड इन टाइम, स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन, स्पेस ट्रकिन) १६ ऑगस्टची, ओसाकातली. ‘स्मोक’ एकटं १५ ऑगस्टचं. ‘म्यूल’ आणि ‘लेझी’ टोकियोतली. क्रमही बदललेला आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमात ‘स्मोक’ दुसरं असायचं आणि ‘चाइल्ड इन टाइम’ तिसरं. रेकॉर्डवर त्यांची अदलाबदल झाली. कारण कुठे छापलेलं नसलं तरी गणित मांडून पाहा: मूळ क्रम ठेवला असता तर पहिली बाजू चौदा मिनिटांची आणि दुसरी जवळपास बावीस मिनिटांची झाली असती. बाजू लांबली की तबकडीवरच्या खोबण्या दाटीने कापाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. अदलाबदलीने दोन्ही बाजू जमून आल्या.

१३. म्हणजे जोडकामच झालं. वर स्टुडिओत दुरुस्त्याही केल्या असतील?

रात्री निवडणं आणि सूर बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या काळचे कित्येक ‘लाइव्ह’ अल्बम नंतर स्टुडिओत बसून पुन्हा गायलेले, पुन्हा वाजवलेले आहेत. इथे तसं काही केलेलं नाही, असं बँडने कायम सांगितलं आहे, आणि ऐकताना ते पटतं. आठ ट्रॅकच्या यंत्रावर चार वादक, गायक आणि प्रेक्षक बसवलेले. लपवायला जागाच कमी. गिलन कुठे कुठे धाप लागल्यासारखा गातो, ब्लॅकमोरचे सूर कधी निसटतात, ते तसेच आहेत.

आणखी एक गोष्ट. मिश्रणाच्या कामाला बँडमधले ग्लोव्हर आणि पेस हे दोघेच आले. गिलन आणि ब्लॅकमोरने पुरा झालेला अल्बम कधी ऐकलाच नाही, असं पेसने सांगितलेलं आहे. त्यांचं आपसात तेव्हाच फाटलं होतं. गिलनने डिसेंबर १९७२ मध्ये, म्हणजे रेकॉर्ड निघाली त्याच महिन्यात, बँड सोडत असल्याचं कळवलं. २९ जून १९७३ ला या संचाचा शेवटचा कार्यक्रम झाला, तोही ओसाकातच. हे माहीत असताना ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मधला दोघांचा सवाल-जवाब ऐकायला वेगळंच वाटतं: गिटार एक तुकडा टाकते, गळा तो जसाच्या तसा परत करतो, तुकडे अवघड होत जातात, वर वर जातात, आणि शेवटी गिलन एक लांबलचक स्वर लावून सामना आपल्या नावे करतो. बोलणं जवळपास बंद असलेली ही दोन माणसं.

१४. हेडफोन की स्पीकर? आणि आवाज किती ठेवू?

पहिल्यांदा स्पीकर, दोन, एकमेकांपासून पाच-सहा फूट लांब, आणि तुम्ही त्यांच्या समोर मधोमध. हे संगीत अंगावर यायला हवं, बेस तर खुर्चीतून कळायला हवा. दुसऱ्यांदा हेडफोन, वाद्यं वेगळी काढून ऐकायला (६ पाहा). एकच ब्लूटूथ डबा असेल तर डावं-उजवं एक होतं. चालवून घ्या, पण ऑर्गन-गिटारचा गुंता राहणार.

आवाजाबद्दल जरा सांभाळून. १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या कार्यक्रमात या बँडचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला आणि गिनीज बुकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून त्यांची नोंद झाली. या अल्बमवरही गाण्यांच्या मधल्या वेळात, सगळंच बाकी सगळ्यापेक्षा मोठं ऐकू येईल असं करा, अशी फर्माईश ध्वनिवाल्याला केलेली ऐकू येते. ते वाक्य रॉकवाल्यांमध्ये म्हणीसारखं झालं आहे. तुम्ही तसं करू नका. ८५ डेसिबलला आठ तास ही कानांसाठी सर्वसाधारण मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज जास्त होता.

१५. प्रेक्षक इतके गप्प का? टाळ्याही मधेच कापल्यासारख्या वाटतात.

जपानी श्रोते गाणं चालू असताना ऐकत बसायचे आणि संपल्यावर मनापासून टाळ्या वाजवायचे. इंग्लंड-अमेरिकेतला सततचा गोंगाट तिथे नव्हता. बँडलाही ते सुरुवातीला चमत्कारिक वाटलं असणार. भर म्हणजे मिश्रणात प्रेक्षकांचा आवाज मागे ठेवला आहे. माझ्या मते अल्बमच्या यशात या शांततेचा मोठा वाटा आहे, कारण हळू वाजवलेला भागही स्वच्छ ऐकू येतो. टाळ्या विरून जातात त्या गाणी वेगवेगळ्या रात्रींची असल्यामुळे (१२ पाहा) आणि तबकडीची बाजू संपत असल्यामुळे.

१६. एलपी, सीडी की स्ट्रीमिंग?

जे हाताशी असेल ते. चारही बाजू मिळून एका सीडीत मावतात, त्यामुळे सीडी सोयीची. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर आधी तीन गोष्टी बंद करा: गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं शफल, गाणी एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड, आणि सगळ्यांचा आवाज एकसारखा करणारी सेटिंग. तिसरी बंद केली नाही तर ‘चाइल्ड इन टाइम’मधला चढ-उतार बोथट होण्याची शक्यता असते.

जुनी एलपी चोर बाजारात किंवा कोणाच्या माळ्यावर मिळाली तर घेण्याआधी उजेडात तिरकी धरून दुसरी बाजू बघा. लोक ‘स्मोक’साठी दुसरी बाजू झिजवतात; चौथी बहुधा कोरी असते, त्यामुळे रेकॉर्ड कशी सांभाळली आहे ते दुसरीवरूनच कळतं. मात्र चौथीही खरवडलेली असेल तर राहू द्या. दोन्ही तबकड्या एकाच संचातल्या आहेत ना, तेही मधल्या लेबलवर पाहा.

१७. इतक्या आवृत्त्या आहेत, कुठली घेऊ?

फक्त ऐकायचं असेल तर मूळ सात गाण्यांची कुठलीही. १९९८ च्या आवृत्तीत सोबतच्या दुसऱ्या तबकडीवर शेवटी वाजवलेली तीन गाणी मिळतात: ब्लॅक नाइट, स्पीड किंग आणि ल्युसिल. १९९३ मध्ये ‘लाइव्ह इन जपान’ नावाचा तीन सीडींचा संच निघाला, त्यात तिन्ही रात्रींचा बहुतेक कार्यक्रम आहे. २०१४ च्या मोठ्या संचात तिन्ही रात्री पूर्ण आल्या. २०२५ मध्ये स्टीव्हन विल्सनने नव्याने केलेलं मिश्रण निघालं.

नवीन मिश्रणांत बेस आणि ड्रम्स सुटे, भरीव ऐकू येतात. पण बर्चच्या मूळ मिश्रणात सगळं एकमेकांना घासून जातं आणि तो घर्षणाचा भाग मला हवा असतो. पहिली ओळख मूळ मिश्रणानेच करून घ्या.

१८. तिन्ही रात्री ऐकण्यात काय हशील? गाणी तर तीच.

गाणी तीच, वाजवलेलं वेगळं. ‘स्मोक’ तिन्ही रात्रींचं घ्या आणि फक्त गिटारचा एकल भाग ऐका. वाक्यं बदलतात, सुरुवातीची जागा बदलते. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मधला सवाल-जवाब रोज नवा. हे ऐकल्यावर ५ मध्ये म्हटलेलं अंगवळणी पडतं. मात्र सगळा संच सलग लावू नका. एक गाणं निवडा आणि तेवढंच तीनदा ऐका.

१९. जपानमध्ये हाच अल्बम दुसऱ्या नावाने निघाला होता का? माझ्याकडे ‘लाइव्ह इन जपान’ आहे.

हो. जपानमध्ये १९७२ साली तो ‘लाइव्ह इन जपान’ याच नावाने, वेगळ्या मुखपृष्ठासह निघाला. गाणी तीच सात. १९९३ च्या तीन सीडींच्या संचालाही हेच नाव असल्यामुळे (१७ पाहा) गोंधळ होतो. तुमच्याकडे दोन एलपी असतील तर तो पहिला. आणि मुखपृष्ठाचाच विषय निघाला म्हणून: ‘मेड इन जपान’च्या मुखपृष्ठावरचा रंगमंच जपानमधला नाही. ते छायाचित्र लंडनमधल्या कार्यक्रमाचं आहे.

२०. डीप पर्पल भारतात आलं होतं ना? मग तो संच हाच का?

१९९५ साली मुंबईत त्यांचा कार्यक्रम झाला. पण ब्लॅकमोर १९९३ मध्येच कायमचा बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी अमेरिकन स्टीव्ह मोर्स आला होता. म्हणजे पाचांतले चार तेच. त्या कार्यक्रमाला गेलेले लोक आजही भेटले की सनावळीसकट सांगतात. त्यांना मधेच थांबवून ‘पण ब्लॅकमोर नव्हता’ म्हणू नये. जॉन लॉर्ड जुलै २०१२ मध्ये वारला, त्यामुळे हे पाच जण पुन्हा एकत्र दिसण्याचा प्रश्नच उरला नाही.

२१. हा आवडला. यानंतर काय?

दोन नावं. द हू या बँडचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’, १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात घेतलेला. गायक आणि तीनच वाद्यं, ऑर्गन नाही, त्यामुळे ६ मधली अडचणही नाही. आणि ऑलमन ब्रदर्स बँडचा ‘ॲट फिलमोर ईस्ट’, मार्च १९७१, न्यूयॉर्क. तिथेही एक गाणं अख्खी बाजू व्यापतं, पण घाई कुठेच नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना हा दुसरा बहुधा डीप पर्पलपेक्षाही जवळचा वाटतो. स्टुडिओतला ‘मशीन हेड’ मात्र यानंतर लगेच ऐकू नका, चांगला असूनही आखडलेला वाटेल. महिनाभर जाऊ द्या.